कच नेमकी कोणी खाल्ली?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शालेय स्पर्धा सुरू झाल्या की ‘मोक्याच्या क्षणी अमक्याने कच खाल्ली’ हे वाक्य क्रीडा पानावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागते. जूनमध्ये एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची) फायनल आली की हेच वाक्य अमेरिकेतल्या खेळाडूंच्या नावाने फिरते. नाशिकमध्ये बास्केटबॉल शिकवणारे आणि सामन्यांना शिट्टी फुंकणारे आम्ही काही जण त्याच वाक्याबद्दल लिहीत आहोत. संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूवर शेवटच्या मिनिटाला भरवसा ठेवायचा की नाही, असा प्रश्न असतो. आमचे मत असे: बॉल त्याच्याच हातात द्यावा, पण शॉट त्याच्या नावावर आधीच लिहून ठेवू नये. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि बहुतेक हरलेल्या मॅच या फरकातच हरलेल्या असतात.

आधी हिशेब. समजा, एखाद्या मुलाचे शंभरातले चाळीस शॉट पडतात. शालेय पातळीवर हे चांगलेच म्हणायचे. त्याला मोसमभरात शेवटच्या क्षणाचे दहा शॉट मिळाले, तर चार पडावेत अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात दोन किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता साधारण सहात एक निघते. सहा किंवा त्याहून जास्त पडण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे अगदी एका दर्जाचे सहा खेळाडू घेतले, कोणी भित्रा नाही की कोणी विशेष धीराचा नाही, तरी मोसम संपताना त्यातला एक ‘वाघ’ ठरतो आणि एकाच्या नावावर ‘ऐनवेळी गळपटतो’ असा शिक्का बसतो. इथे दहा शॉट तरी धरले आहेत. आपल्याकडे शिक्का बसायला दोन पुरतात.

एनबीएमध्ये मोक्याचा काळ मोजायची ठरलेली रीत आहे: चौथ्या डावाची किंवा जादा वेळेची शेवटची पाच मिनिटे, आणि फरक पाच गुणांचा किंवा कमी. या काळातल्या कामगिरीसाठी २०२२-२३ पासून वेगळा पुरस्कारही देतात. पहिला डी’ॲरन फॉक्सला मिळाला, पुढच्या वर्षी स्टेफन करीला, २०२५ मध्ये जेलन ब्रन्सनला. रीत कामाची आहे, पण ढोबळ. चार मिनिटे उरली असताना तीन गुणांनी पुढे असणे आणि आठ सेकंद उरली असताना एका गुणाने मागे असणे, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. मैदानावर उभ्या असलेल्या मुलाला विचारा, ते एकच आहे का!

शेवटच्या मिनिटात स्टारचे शॉट कमी पडतात हे खरे आहे. त्याचे कारण मात्र आपण आधी मनात शोधतो, आणि ते बहुतेक वेळा मैदानावर पडलेले असते. कबड्डीत शेवटची चढाई कोण करणार हे सगळ्यांना ठाऊक असले तरी चढाईपटूला एकट्यानेच जावे लागते. क्रिकेटमध्ये गोलंदाज समोरच्या फलंदाजाच्या हातातली बॅट दुसऱ्याला देऊ शकत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र समोरचा संघ दोन माणसे अंगावर घालून स्टारच्या हातातला बॉल काढून घेऊ शकतो, म्हणजे शॉट कोणी मारायचा हे काही अंशी समोरचा संघच ठरवतो. दोघांच्या हातांवरून, मागे रेलून मारलेला शॉट पडला नाही तर त्यात धैर्याचा काय प्रश्न? प्रश्न असा की, दोघे त्याच्या अंगावर आले तेव्हा उरलेल्या चौघांपैकी एक मोकळा असणारच, तो कुठे उभा होता?

एनबीएची फायनल म्हणजे आधी चार सामने जिंकण्याची, जास्तीत जास्त सात सामन्यांची मालिका. १९९३ च्या फायनलचा सहावा सामना, शिकागो विरुद्ध फिनिक्स. चौथ्या डावात शिकागोचे पहिले नऊच्या नऊ गुण एकट्या मायकेल जॉर्डनचे. दोन गुणांनी मागे असताना बॉल त्यानेच वर आणला, पण शेवटचा शॉट त्याने मारला नाही. बॉल सहकारी पिपेनकडे गेला, पिपेनकडून आत होरेस ग्रँटकडे आणि ग्रँटकडून बाहेर तीन गुणांच्या रेषेमागे मोकळ्या उभ्या जॉन पॅक्सनकडे. ३.९ सेकंद उरली असताना शिकागो ९९-९८. चार वर्षांनी यूटाविरुद्ध सहाव्याच सामन्यात ८६-८६ अशी बरोबरी असताना जॉन स्टॉकटन आपला माणूस सोडून जॉर्डनवर धावला. जॉर्डनने बॉल स्टीव्ह करला दिला आणि करने पाच सेकंद उरली असताना शॉट घातला. त्या मॅचमध्ये जॉर्डनचे ३९ गुण होते. आता पुढचे वर्ष बघा, तोच संघ समोर आणि पुन्हा सहावा सामना. जॉर्डनने कार्ल मलोनच्या हातातून बॉल काढला, एकट्याने पुढे नेला आणि ५.२ सेकंद उरली असताना स्वतः शॉट घातला, ८७-८६. पोस्टर याच शॉटचे निघाले. पण तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर लक्षात येते की निर्णय दर वेळी समोरच्या बचावाने मोकळे काय सोडले यावर झाला होता. पोस्टर पाहून वाढलेली मुले तिसरा प्रसंग तेवढा शिकतात.

शिक्के किती टिकतात तेही पाहू. २०११ च्या फायनलमध्ये डॅलसविरुद्ध मायामीच्या लेब्रॉन जेम्सची गुणांची सरासरी १७.८ वर घसरली, चौथ्या सामन्यात तर त्याचे आठच गुण होते. त्या वर्षी ‘हा मोठ्या मॅचचा माणूस नाही’ असे ठामपणे लिहिले गेले. पुढच्याच वर्षी तो विजेता होता. २०१३ च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात बरोबरी साधणारा त्याचा शॉट हुकला. रिबाउंड (रिंगवरून परत आलेला बॉल) ख्रिस बॉशने काढला, तीन गुण रे ॲलनने मारले आणि मायामी जादा वेळेत जिंकला. त्याच मॅचमध्ये काही सेकंद आधी सॅन अँटोनियोच्या क्वाय लेनर्डचा दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कोणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट) चुकला होता. तो पडला असता तर आघाडी चारची झाली असती आणि ॲलनच्या तीन गुणांनी बरोबरी झालीच नसती. हाच लेनर्ड २०१९ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात कोपऱ्यातून शॉट मारतो, बॉल रिंगवर चार टप्पे खातो आणि आत पडतो. चौथा टप्पा बाहेर पडला असता तर त्याच्या धैर्यात काय फरक पडला असता?

ताजे उदाहरण इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचे. २०२५ मध्ये खेळाडूंच्याच निनावी मतचाचणीत त्याला ‘सर्वांत फुगवलेला खेळाडू’ ठरवले गेले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्याने मिलवॉकी, क्लीव्हलँड आणि ओक्लाहोमा सिटीविरुद्ध अखेरच्या क्षणी मॅच काढल्या. त्यातली क्लीव्हलँडची बघण्यासारखी आहे. तीन गुणांनी मागे असताना त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला पडला, दुसरा हुकला. हुकलेल्याचा रिबाउंड त्याने स्वतःच काढला, रेषेमागे आला आणि तीन गुण मारले, १२०-११९. एकाच मिनिटात कच खाल्ली आणि मॅचही जिंकली. बातमीत कुठले वाक्य लिहायचे?

आता आपल्या मैदानावरच्या कामाचे. समजा चौथ्या डावाची चौदा सेकंद उरली आहेत, आपण एका गुणाने मागे आहोत आणि टाइमआउट शिल्लक आहे. पहिली चूक इथेच होते: तो शिल्लक नसतोच. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट मिळतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच घेता येतात. दोन मिनिटांच्या आत शिरेपर्यंत एकही घेतला नसेल तर एक फुकट गेला. शेवटच्या दोन मिनिटांत कोर्टाच्या आपल्या अर्ध्या भागातून थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणे) असताना टाइमआउट घेतला तर बॉल पुढच्या अर्ध्या भागातून आत टाकायची मुभा मिळते. म्हणजे समोरच्यांचा प्रेस (आपल्या अर्ध्या भागात पुढे येऊन केलेला बचाव) ओलांडण्यात जाणारी चार-पाच सेकंद वाचतात. ही मुभा न वापरणारे संघ दर स्पर्धेत दिसतात.

थ्रो-इन कोणी करायचा? आपल्याकडे जो उरला तो करतो, आणि तो बहुधा सर्वांत कच्चा हात असतो. पाच सेकंदांत बॉल सुटला नाही की मॅच गेली. इथे सर्वांत चांगला पास देणारा हवा. कित्येकदा स्टारनेच थ्रो-इन करणे शहाणपणाचे ठरते, कारण बॉल आत गेला की बचाव बॉलमागे वळतो आणि रेषेबाहेरून आत येणाऱ्याला क्षणभर विसरतो. त्याने दोन पावले आत येऊन बॉल परत घ्यायचा. तो मधोमध, तीन गुणांच्या रेषेच्या वर. दोघे दोन्ही कोपऱ्यांत, अगदी रेषेला चिकटून. अर्धे पाऊल आत उभे राहिले की त्यांचा बचावपटू मदतीला जाऊनही परत येऊ शकतो. एक स्क्रीन लावणारा, म्हणजे स्टारच्या बचावपटूची वाट अंगाने अडवणारा, आणि एक विरुद्ध बाजूला, मध्य आणि कोपरा यांच्या दरम्यान. आठ सेकंद उरली असताना स्क्रीन लागली पाहिजे. बचावाने दोघे अंगावर घातले तर स्क्रीन लावणाऱ्याने तिथे थांबायचे नाही, लगेच फ्री थ्रो रेषेपाशी सरकायचे आणि बॉल मागायचा. त्याला बॉल मिळाला की समोर चौघांना तिघे उरतात. कोपऱ्यातला बचावपटू आत आला तर बॉल कोपऱ्यात, नाही आला तर सरळ लेअप, म्हणजे रिंगखाली जाऊन शॉट. शॉट चार-पाच सेकंद उरली असतानाच सुटायला हवा, म्हणजे रिबाउंडवर दुसरी संधी राहते. बरोबरी असेल तर दोन-तीन सेकंदांपर्यंत थांबायला हरकत नाही. एका गुणाने मागे असताना बझरवर शॉट मारणे हा शुद्ध उधळेपणा आहे.

बहुतेक वेळा होते काय? स्टार दहा सेकंद जागीच बॉल टप्पा करतो, चौघे त्याच्याकडे पाहत उभे राहतात, बाकावरून ‘मार, मार’ असा गलका होतो आणि दोन सेकंद उरली असताना तो पंचवीस फुटांवरून बॉल फेकतो. अनेक मैदानांवर दिसेल असे घड्याळ नसते, टेबलावर स्टॉपवॉच असते. स्टारला किती सेकंद उरली हे खरोखरच माहीत नसते. बाकावरच्या एकाने, आणि एकानेच, दहापासून उलटे मोठ्याने मोजायचे हे आधी ठरलेले हवे.

शरीराचा भाग तर आपण विसरूनच जातो. शालेय संघाचा स्टार चाळीसच्या चाळीस मिनिटे खेळतो, शिवाय समोरच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला अडवायचे कामही त्याच्याचकडे. छत्तिसाव्या मिनिटाला पाय गेलेले असतात. शॉटची ताकद पायांतून येते. पाय गेले की मुलगा हातांनी ढकलतो, बॉल सपाट जातो आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, सात नंबरचा बॉल साधारण २४. बॉल ४५ अंशांनी उतरला तर त्याला रिंगचे तोंड ३२ सेंटिमीटरचे दिसते, म्हणजे आठ सेंटिमीटर सैल. ३५ अंशांनी उतरला तर जेमतेम दोन सेंटिमीटरही उरत नाहीत, आणि ३२ अंशांच्या खाली बॉल कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. हे भूमितीचे गणित आहे, त्यात काळजाचा संबंध नाही. म्हणून शेवटचे शॉट सलग ‘शॉर्ट’ पडत असतील तर मुलाला धीर देण्याआधी त्याला बसवायला हवे होते. तिसऱ्या डावाचे शेवटचे दीड मिनिट त्याला बाहेर काढले, तर पुढची दोन मिनिटांची मधली सुट्टी आणि शिट्ट्यांवर थांबणारे घड्याळ धरून त्याला पाचेक मिनिटे खरी विश्रांती मिळते. त्या दीड मिनिटात चार गुण गेले तरी परवडते.

मन मध्ये येतच नाही असे आम्ही म्हणत नाही. ते फ्री थ्रोवर येते, कारण तिथे अंगावर कोणी नसते आणि विचार करायला वेळ असतो. १९९५ च्या फायनलचा पहिला सामना: ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे, साडेदहा सेकंद बाकी, निक अँडरसन रेषेवर. दोन्ही हुकले. रिबाउंड त्यालाच मिळाला, पुन्हा फाउल, पुन्हा दोन, तेही हुकले. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने तीन गुण मारून बरोबरी केली, आणि ह्यूस्टनने मॅच जादा वेळेत व मालिका ४-० ने जिंकली. अँडरसन त्या मोसमात सत्तर टक्क्यांचा होता. सत्तर टक्केवाल्याचे दोन सलग हुकणे शंभरात नऊ वेळा घडते, ते नशिबात बसते. चार सलग हुकणे शंभरात एकदाही नाही. पहिल्या दोघांनंतर हातात काहीतरी बदलले असावे असे मानायला जागा आहे. १९९६-९७ च्या मोसमात त्याचे प्रमाण ४०.४ टक्क्यांवर आले होते. सरावाने मुरलेली हालचाल माणूस भीतीपोटी तुकड्यातुकड्याने तपासू लागला की ती मोडते. जिना उतरताना पायऱ्यांकडे लक्ष गेले की पाय अडखळतो तसे. रेषेवरच्या मुलाला बाकावरून ‘कोपर आत घे, मनगट मोड’ असे ओरडून सांगणारे सर नेमके हेच करवून घेतात.

दुसरीकडे डॅलसचा डर्क नोविट्झ्की. २००७ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून संघासह पहिल्याच फेरीत बाहेर पडलेला आणि त्यावरून यथेच्छ बोलणी खाल्लेला. २०११ च्या पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिल्या सामन्यात त्याने २४ पैकी २४ फ्री थ्रो घातले.

सत्तर टक्केवाल्याकडून दोन्ही फ्री थ्रो पडण्याची शक्यता ४९ टक्केच असते, हे पालकांना सांगितले की आश्चर्य वाटते. नव्वद टक्केवाल्याचीही ८१. म्हणून सराव आकडा वाढवण्याचा हवा, आणि तो मॅचसारखा हवा. एका जागी उभे राहून सलग पन्नास मारणे हा सराव फारसा उपयोगाचा नाही, कारण मॅचमध्ये सलग पन्नास कोणी देत नाही. दोन मारायचे, कोर्टाची लांबी धावून परत यायचे, पुन्हा दोन. अशा दहा जोड्या, सत्राच्या शेवटी, दमल्यावर. आठवड्यातून चार दिवस केले तर महिन्याला तीनशेच्या वर नोंदी होतात आणि मुलगा खरा किती टक्क्यांचा आहे ते दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने कळते. हुकलेला प्रत्येक बॉल शॉर्ट, लांब, डावा की उजवा हे वहीत लिहायचे. शॉर्ट म्हणजे बहुधा पाय, लांब म्हणजे घाई किंवा जोर, डावे-उजवे म्हणजे कोपर किंवा पावलांची दिशा. रेषेवर पाच सेकंद मिळतात. त्यात ठरलेले दोन किंवा तीन टप्पे, एक श्वास, रिंगच्या मागच्या कडेवर नजर आणि शॉट. हा क्रम सरावात जसा तसाच मॅचमध्ये. क्रम मोडला की समजावे, आत गडबड आहे.

थोडे आपल्या मैदानांबद्दलही. सिमेंटच्या कोर्टवर मुले रिंगला लटकतात, रिंग पुढे झुकते आणि ३.०५ मीटरची उंची पुढच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर कमी भरते. त्या रिंगवर हात बसलेल्या मुलाचे शॉट हिरावाडीच्या विभागीय संकुलासारख्या नीट रिंगवर शॉर्ट पडणारच. मुलींचे सामने सहा नंबरच्या बॉलने होतात आणि सराव हाताला येईल त्या सात नंबरच्या रबरी बॉलने चालतो. मग मॅचमध्ये हलका बॉल लांब जातो आणि पोरीवर ‘टेन्शन घेतले’ असा ठपका येतो. मोजपट्टी आणि योग्य बॉल यांचा खर्च मानसोपचारापेक्षा कमी आहे.

आता आपल्या वार्ताहरांना एक विनंती. मॅचची बातमी देण्याआधी टेबलावरची स्कोअरशीट दोन मिनिटे पाहावी. चौथा डाव निळ्या किंवा काळ्या शाईत असतो, तिसऱ्याच्या लाल शाईनंतर तो लगेच ओळखू येतो. कोणाच्या किती बास्केट हे तिरक्या रेघांवरून आणि फ्री थ्रो भरीव ठिपक्यांवरून कळतात. हुकलेला फ्री थ्रो शीटवर थेट नसतो. त्यासाठी समोरच्या संघाच्या फाउलच्या रकान्यात ‘पी’ (वैयक्तिक फाउल) च्या पायाशी लिहिलेल्या १, २ किंवा ३ ची बेरीज करून त्यातून ठिपके वजा करावे लागतात. टाइमआउट कितव्या मिनिटाला घेतले तेही तिथेच असते. बास्केट कितव्या सेकंदाला पडली हे मात्र शीटवर नसते. ते टेबलाजवळ बसून स्वतः टिपावे लागेल. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कितीदा मिळाला, त्यात स्टारला दोघांनी घेरलेले कितीदा, त्याने पास दिल्यावर मोकळ्या खेळाडूचा शॉट पडला का, आणि तो किती मिनिटे न बसता खेळला, एवढ्या चार गोष्टी बातमीत आल्या तर जागा तीन ओळींची लागेल. ‘कच खाल्ली’ हे वाक्य काढले की तेवढी जागा मिळते.

आपले,
बास्केटबॉल प्रशिक्षक व पंच मंडळी, नाशिक